जतचा पहिला नंबर पुढं कुठंच का चालत नाही?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी जत तालुक्याच्या पूर्व भागात महा ई-सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, पीक विमा, सातबारा, आधारला मोबाईल लिंक ही बारमाही कामं, आणि जून-जुलै आला की ॲडमिशन. म्हणजे तुमच्या पेपरात 'प्रवेश प्रक्रियेचं वेळापत्रक जाहीर' अशी छोटी बातमी येते ना, ती आमच्या दुकानात तीस माणसं, एक पंखा आणि त्या पंख्याखाली कोण बसणार यावरनं भांडण अशी दिसते. पत्र लिहायची सवय नाही, शुद्धलेखन तुम्ही बघून घ्या, पण मजकूर कापू नका एवढी विनंती, कारण गेल्या वर्षापासून हे डोक्यात बसलंय.

गेल्या पावसाळ्यात एक पोरगी आली आईला घेऊन. वस्तीवरची, घरात कन्नड, शाळा मराठी, आमच्याकडं हे काय नवीन नाही, दुकानात मी पण अर्धा दिवस कन्नडच बोलतो. आई-बाप ऊसतोडीला, दिवाळी झाली की टोळीबरोबर जाणार ते कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच परत येणार, तोवर पोरगी आजीजवळ. बारावी सायन्सला तिच्या ज्युनिअर कॉलेजात पहिली, ८४ टक्के. आता कॉलेज म्हणल्यावर तुमच्या डोळ्यासमोर जे येतंय ते नाही. फिजिक्सचे सर तासिका तत्त्वावरचे, ते आले दिवाळीनंतर, तोवर गणिताच्या मॅडमनीच फिजिक्स ओढलं आणि त्या स्वतःच सांगायच्या म्हणे की बाळांनो मला पण घरनं वाचून यायला लागतंय. त्यात ८४. मार्कशीट स्कॅन करताना मी दोनदा बघितली.

आणि सीईटीला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, ५८ पर्सेंटाइल.

म्हणलं अगं असं कसं काय. तर म्हणली सर, पहिली वीस मिनिटं माऊसच ऐकंना. कॉम्प्युटरवर पेपर जन्मात पहिल्यांदा दिला, सेंटर लांब आलेलं, पहाटे चारला वस्तीवरनं निघालेली, जाताना एसटीत उलटी झालेली, आणि उत्तरावर क्लिक केलं म्हणजे झालं असं तिला वाटलं, 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबायला लागतं हे सात-आठ प्रश्न गेल्यावर समजलं, मग परत मागं जाऊन बघायचं का पुढं जायचं ह्यातच घाबरली. सीईटी २०१९ पासनं कॉम्प्युटरवर आहे, शहरातल्या पोरांनी दोन वर्षं क्लासमध्ये दर रविवारी मॉक दिलेल्या असतात, त्यांना पेपर आणि माऊस ह्या वेगळ्या गोष्टी आहेत हेच माहीत नसतं. आता वर्षातनं दोनदा सीईटी घ्यायचं ठरलंय म्हणे, चांगलंय, माऊस दोनदा धरायला मिळेल.

ह्यातली गंमत बघा. इंजिनिअरिंगला बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते लागतात, ओपनला ४५ टक्के आणि राखीवला ४०. म्हणजे बारावीला ४६ पडले काय आणि ९६ पडले काय, मेरिट लिस्टला दोन्ही जवळपास सारखंच, बाकी सगळं तीन तासाच्या त्या एका शिफ्टवर. मग दोन वर्षं कॉलेजला कोण जाईल? कोणी जात नाही. सांगली-मिरजेकडं इंटिग्रेटेडच्या नावाखाली पोरगं दिवसभर क्लासला आणि नाव कुठल्यातरी कॉलेजच्या हजेरीवर, हे सगळ्यांना माहीत आहे. जे पोरगं खरंच कॉलेजला गेलं, बाकावर बसलं, जर्नल पूर्ण केलं, तेच मागं राहिलं. ही उलटी गंगा आहे.

आता ओटीपीचं सांगतो, कारण ते मी स्वतः बघितलंय. कॅप राउंडला, म्हणजे ऑनलाईन जागावाटपाच्या फेरीला, तिला एक जागा लागली, पसंतीची नव्हे, यादीत खाली टाकलेलं एक खाजगी कॉलेज. पहिला प्रेफरन्स कराडचं सरकारी कॉलेज टाकला होता, मला माहीत होतं ते ५८ वर लागणार नाही, पण ती म्हणली टाका सर, टाकायला काय पैसे पडतात, तर टाकलं. जागा स्वीकारायचा शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचला विंडो बंद. रजिस्टर नंबर बापाचा, बाप तेव्हा कोल्हापूरला सेंट्रिंगच्या कामावर, आणि त्याचा रिचार्ज संपलेला. ओटीपी येईना. मी माझ्या खात्यातनं रिचार्ज मारला, पंधरा मिनिटं गेली, मग शेजारच्या गवंड्याच्या फोनवर बापाला गाठलं, म्हणलं मेसेज आला का, म्हणला आलाय. वाच म्हणलं. त्यानं कन्नडमधनं वाचायला सुरुवात केली, सोन्ने, एळु, एरडु, मध्येच मिक्सर चालू झाला तिकडं, काँक्रीटचा, परत पहिल्यापासनं. पोरगी एका कानाला फोन लावून आकडे मराठीत सांगतेय, मी टाईप करतोय, एक आकडा चुकला, इनव्हॅलिड, परत नवीन ओटीपी. चार वाजून बावन्न मिनिटांनी झालं. दुकानातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या खरं सांगतो.

आणि शेवटी ती गेलीच नाही तिथं. मुलींना फी माफ आहे, २०२४ पासनं, आठ लाखाच्या आत उत्पन्न असलं की, ती योजना चांगलीच आहे, पण हॉस्टेल, मेस, डिपॉझिट, येणं-जाणं हे माफ नाही, आणि बाप म्हणला एवढ्या लांब खाजगीत घालून उद्या नोकरी लागली नाही तर? आता ती इथंच बीएस्सी करते. बीएस्सी वाईट नाही, मी स्वतः बीए आहे, बीए तर बीए. पण तालुक्याच्या एका कोपऱ्यात, आहे त्या परिस्थितीत, जी सगळ्यात पुढं होती तिला सरकारच्या एकाही चांगल्या कॉलेजनं ये म्हणलं नाही, हे काही केल्या गळ्याखाली उतरत नाही.

दिवाळीत आमच्या गावचा एक मित्र आला होता, अमेरिकेत टेक्ससला असतो, आयटीत. त्याची पोरगी तिकडं नववीत. तो सारखं रँक रँक करत होता, मी म्हणलं तिकडं पण आहे का हे खूळ, तर त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी रात्री बसून सगळं वाचून काढलं. टेक्ससमध्ये १९९७ ला कायदा झाला, राज्यातल्या प्रत्येक हायस्कूलच्या पहिल्या १० टक्के पोरांना राज्याच्या सरकारी युनिव्हर्सिटीत प्रवेशाची हमी. राज्यात पहिले १० टक्के नव्हे हां, प्रत्येक शाळेतले. म्हणजे ह्यूस्टनच्या श्रीमंत एरियातल्या शाळेतले पण आणि तिकडं पश्चिमेला जिथं कापूस आणि तेलाच्या विहिरी सोडून काही नाही तिथल्या शाळेतले पण. आपल्या शाळेत, आपल्याच मास्तरांच्या हाताखाली, आपल्या बरोबरीच्या पोरांत जो पुढं आहे तो आत. फॉर्म भरायचा, कागद द्यायचे, पण कटऑफची टांगती तलवार नाही.

हे झालं कसं ते पण बघण्यासारखं आहे. १९९६ ला तिथल्या एका कोर्टाच्या निकालानं प्रवेशात वंश बघायला मनाई झाली, त्यामुळं काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या पोरांचे प्रवेश घटायला लागले, मग इर्मा रंगेल नावाच्या आमदारबाईंनी हे बिल आणलं. आणि ते पास झालं ते कोणाच्या जोरावर, तर एकीकडं शहरातल्या गरीब वस्त्यांचे आमदार आणि दुसरीकडं खेड्यापाड्यातले, विरोधी पक्षातले आमदार, कारण खेड्यातल्या आमदाराला पण हे समजलं की आपल्या मतदारसंघातलं एक पण पोरगं त्या मोठ्या युनिव्हर्सिटीत जात नाही. सही केली जॉर्ज बुशनं, तो तेव्हा तिथं गव्हर्नर होता. मला हे वाचून आमचे लोकप्रतिनिधी आठवले. जत काय, आटपाडी काय, तिकडं सातारा जिल्ह्यात माण-खटाव काय, पाण्यावर सगळे भांडतात आणि भांडायलाच पाहिजे, म्हैसाळचं पाणी आलं म्हणून तर आमच्यातल्या काही गावांना द्राक्षं-डाळिंबं दिसली. पण ॲडमिशनच्या पाण्यावर भांडलेला एक आमदार मला दाखवा.

आता त्यात सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. ऑस्टिनची जी मोठी युनिव्हर्सिटी आहे तिथं ह्या हमीवाल्यांचीच गर्दी एवढी झाली की दुसऱ्या कोणाला जागा उरेना, मग २००९ ला कायदा बदलून तिथं हमीच्या जागा ७५ टक्क्यांवर थांबवल्या, त्यामुळं तिथं १० टक्क्यांचे हळूहळू ६ झाले आणि २०२६ च्या प्रवेशापासनं तर ५. दुसरं, हमी युनिव्हर्सिटीची आहे, ब्रँचची नाही, कॉम्प्युटर पाहिजे म्हणलं तर परत वेगळी चढाओढ. तिसरं, काही हुशार आई-बाप पोराला मुद्दाम कमी चुरशीच्या शाळेत घालायला लागले, रँक मिळावी म्हणून. माणूस सगळीकडं सारखाच. मित्र हसत म्हणला, आमच्या शेजाऱ्यानं ह्यासाठी घर बदललं.

आणि एक गोष्ट त्यांना अनुभवानं समजली, नुसतं ये म्हणून चालत नाही. गरीब शाळेतली पोरं हमी असून पण येईनात, कारण खर्च कोण करणार, आणि तिथं आपलं कोण आहे. मग त्या युनिव्हर्सिटीनं अशा शाळा निवडून तिथल्या पोरांसाठी वेगळी स्कॉलरशिप काढली. म्हणजे बघा, आमच्या पोरीची आणि त्यांची अडचण एकच निघाली, मेस आणि डिपॉझिट.

दुसऱ्या काही राज्यांनी वेगळी वाट धरली. आयडाहोनं २०१५ ला अशी पद्धत सुरू केली की पोरानं अर्ज करायच्या आधीच त्याच्या घरी पत्र, तू अमुक अमुक सरकारी कॉलेजला पात्र आहेस, फक्त सांग येतो का. कॅलिफोर्नियात तर १९६० च्या आराखड्यापासनं वरच्या आठव्या हिश्शातली पोरं एका युनिव्हर्सिटीला आणि वरची एक तृतीयांश दुसरीला असं गणित आहे. मला ते पत्राचं लई आवडलं. आमच्याकडं वस्तीवर पत्र येतं ते बँकेच्या नोटिशीचं.

अमेरिकेचं काय सांगतो म्हणणारे भेटतील, तर मग तामिळनाडू घ्या, रेल्वेनं एका दिवसावर आहे. त्यांनी २००६ च्या कायद्यानं इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षाच काढून टाकली, बारावीच्या मार्कावर ॲडमिशन. शिवाय सरकारी शाळेतल्या पोरांना २०२० ला मेडिकलमध्ये आणि २०२१ ला इंजिनिअरिंग, ॲग्री वगैरेमध्ये साडेसात टक्के जागा वेगळ्या, फी सरकार भरणार. तिथली इंजिनिअरिंग कॉलेजं काय बंद पडली नाहीत त्यामुळं.

मग आपल्याकडं काय करता येईल? मी काय शिक्षणतज्ज्ञ नाही, कॉम्प्युटरवाला आहे, त्यामुळं मला जे दिसतंय ते सांगतो. कोल्हापूर बोर्डात तीन जिल्हे आहेत, कोल्हापूर, सांगली, सातारा. शिवाजी विद्यापीठाचे पण तेच तीन. प्रत्येक ज्युनिअर कॉलेजचा इंडेक्स नंबर बोर्डाकडं, प्रत्येक पोराचे मार्क बोर्डाकडं. कॉलेजवार पहिले पाच टक्के काढायचे म्हणजे एक्सेलमध्ये सॉर्ट मारायचा, चहा गार व्हायच्या आत होतंय. ८० पोरांचं कॉलेज असेल तर चार पोरं. ह्या चार जणांना निकालाच्याच दिवशी मार्कशीटबरोबर पत्र द्या, की तीन जिल्ह्यातल्या सरकारी आणि अनुदानित इंजिनिअरिंग, फार्मसी, ॲग्री कॉलेजात, नाहीतर विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागात तुमची एक जागा नक्की आहे. कॉलेज आणि ब्रँच मार्कानुसार ठरू द्या, पण एक जागा नक्की. एकूण जागांतल्या किती द्यायच्या त्याला टेक्सससारखी मर्यादा घाला, आणि आरक्षणाला हात न लावता, त्याच्या आतच, मेडिकलला तामिळनाडूनं तसंच केलंय. बाकीच्या जागा सीईटीनं भरा, माझी काही तक्रार नाही.

बीए, बीकॉम, साध्या बीएस्सीला ही हमी नको, तिथं जागा रिकाम्याच आहेत, पोरं मिळत नाहीत म्हणून प्राध्यापक मंडळी जूनमध्ये घरोघरी फिरतात. हमी जिथं टंचाई आहे तिथंच पाहिजे. टँकर नदीकाठच्या गावाला कोण लावतं का.

पहिला आक्षेप कोणता येणार ते मला माहीत आहे. जतची पहिली आणि पुण्याच्या नामांकित कॉलेजची पहिली सारखी कशी? नाहीच सारखी. पुण्याची पहिली ९९ पर्सेंटाइल घेऊन पाहिजे तिथं जाईलच, तिला हमीची गरजच नाही. प्रश्न तिचा नव्हताच. प्रश्न जतची पहिली आणि पुण्याचा एकशे चाळिसावा यांचा आहे, आणि त्या दोघांत मला विचाराल तर मी जतची घेईन, कारण तिला नुसता मास्तर जरी वेळेवर मिळाला असता तर काय केलं असतं ते मला दिसतंय. टेक्ससमध्ये पण लोक हेच म्हणत होते, ही पोरं टिकणार नाहीत, तर युनिव्हर्सिटीनं आकडे काढले तेव्हा हमीवर आलेली पोरं प्रवेश परीक्षेत तेवढेच किंवा जास्त मार्क असलेल्या बाकीच्यांच्या तोडीस तोड चाललेली निघाली. इंग्रजीला पहिल्या वर्षी अडखळतील, मान्य, तर एक महिना आधी बोलवून घ्या, आम्ही पाठवतो.

दुसरा आक्षेप कॉपीचा. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही कारण परीक्षेच्या दिवशी माझ्याच दुकानात झेरॉक्स मशीन बंद ठेवायला लागतं. पण विचार करा, आज कॉपी केली तर सगळ्यांचंच भलं होतं, म्हणून सगळे मिळून करतात, कोण कोणाची चुगली करत नाही. उद्या त्याच वर्गातल्या चार जणांनाच जागा मिळणार असेल तर शेजाऱ्याला दाखवायचं का, हे पोरगं दहादा विचार करेल. भांडणं होतील वर्गात, ते पण खरं आहे, मैत्रिणी-मैत्रिणीत वाकडं येईल. ह्याला माझ्याकडं उत्तर नाही. बाहेरचे सुपरवायझर घाला एवढंच सांगू शकतो.

खरी भीती मला तिसरीच आहे, आणि ती मी धंद्यात असल्यामुळं दिसते. हमी जाहीर झाली की पुढच्या जूनला सांगली, इस्लामपूर, कराडकडची क्लासवाली पोरं आमच्या पत्र्याच्या कॉलेजात कागदावर ॲडमिशन घेणार, दोन वर्षं तोंड दाखवणार नाहीत आणि पहिल्या चारात बसणार. रहिवासी दाखला काय, मीच काढून देतो की. म्हणून अट अशी पाहिजे की आठवीपासनं बारावीपर्यंत त्याच तालुक्यातल्या शाळेत असला पाहिजे, दहावीची मार्कशीट तिथलीच पाहिजे. अकरावी तर २०२५ पासनं सगळ्या राज्यात ऑनलाईन झालीय, दहावी कुठनं केली आणि अकरावीला कुठं आला हे सगळं सिस्टीममध्ये दिसतं, चोर शोधायला लांब जायला नको.

माझे वडील साताऱ्याला शिवाजी कॉलेजला होते, कमवा आणि शिका योजनेतनं. सकाळी शेतावर काम, मग तास. ते सांगायचे की घरनं निघताना खिशात एसटीचं तिकीट आणि मास्तरांची चिठ्ठी, एवढंच. मास्तरांनी लिहिलेलं, मुलगा हुशार आहे, गरीब आहे, घेणे. घेतलं. भाऊराव अण्णांनी रयत काढली ती १९१९ ला, कराडजवळ काले गावी, आणि आता त्यांच्याच नावाचं विद्यापीठ २०२१ पासनं साताऱ्यात झालंय. त्या काळात चिठ्ठीवर जे होत होतं त्याला आज ओटीपी, टोकन, व्हॅलिडिटी, ५० केबीच्या आतला फोटो आणि चार राउंड लागतात, आणि एवढं करून पण होत नाही. मी मागतोय ते काय वेगळं आहे, मास्तरांची चिठ्ठीच आहे, फक्त बोर्डाच्या शिक्क्याची.

तीन जिल्ह्यांत दोन वर्षं करून बघा, जमलं नाही तर बंद करा. तुमच्या पेपरनं निदान एक माणूस पाठवून जुलैत आमच्या दुकानात एक दिवस बसवावा, चहा माझ्याकडं. पंख्याखालची जागा मात्र नंबरानं.

त्या पोरीचा धाकटा भाऊ आता बारावीला आहे, त्याच कॉलेजात, गणिताला तिच्यापेक्षा बरा म्हणतात. परवा ती त्याला घेऊन आली होती सीईटीचा फॉर्म भरायला, जाताना त्याला माझ्या कॉम्प्युटरवर अर्धा तास बसवून माऊस धरायला शिकवत होती, गिऱ्हाईकं बोंबलत होती तरी मी उठवलं नाही. फॉर्मवर मोबाईल नंबर बापाचा टाकला नाही. माझाच टाकलाय, वर्षभराचा रिचार्ज मारलेला.

आपला,
एक महा ई-सेवा केंद्रवाला,
ता. जत, जि. सांगली